परक्या गावचा सण, आपल्या घरची सुट्टी



आजचा विषय 'परदेशातला नाताळ' असा जाहीर झाला, तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसानं प्रवासवर्णन कधीपासून सुरू केलं? प्रवासाबद्दल थोडं सांगणार आहोत, कारण त्याशिवाय विषय हाताला लागत नाही. पण प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या सणाला आपण जातो, त्याची रोषणाई पाहतो, त्याचं खातो, फोटो काढतो आणि परत येतो. यात आपण नक्की काय केलेलं असतं? सण साजरा केला, की सण पाहिला? 'साजरा करणं' आणि 'पाहणं' या दोन क्रियापदांमधलं अंतर मोजायचा आजचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडमध्ये विचारायला विशेष कारण आहे. मर्सिडीज-बेंझ १९९४ साली भारतात आली ती इथं पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये तिचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला, आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही सुरू झाला. त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे आले. ज्या चाकणची ओळख कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यानं लढवलेला संग्रामदुर्ग अशी होती, तिथली पोरं आता जर्मन शिकायला लागली. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून गेलेली मुलं तिकडंच स्थिरावली. प्राधिकरणात, चिंचवडमध्ये, वाकडला कुठल्याही सोसायटीत जिन्यात उभं राहून विचारा, एखाद्या तरी घरातून उत्तर येईल: "आमचा तिकडे असतो."

चाकणला नोकरी करणाऱ्यांना तर नाताळ कॅलेंडर न पाहता कळतो. वीस डिसेंबर उलटला की जर्मनीहून मेलला उत्तर येत नाही. एखादं ड्रॉइंग मंजुरीसाठी गेलेलं असेल तर ते तिकडंच मुक्काम करतं. स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आहे, तिथं आणि बव्हेरियात ६ जानेवारीलाही सुट्टी असते. तेव्हा शहाणा माणूस सात तारखेच्या आत आठवणीचा मेल पाठवत नाही.

आता यातून एक गंमत झाली आहे, आणि गंमत हा शब्द आम्ही जरा जपून वापरतो आहोत. दिवाळीला तिकडच्या मुलांना सुट्टी नसते. आपण फराळाचं पार्सल पाठवतो, व्हिडिओ कॉल लावतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर तिकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. म्हणजे आपली अभ्यंगस्नानाची पहाटेची साडेपाच ही त्यांची रात्रीची एक! कोण जागं राहणार? सलग दहा-बारा दिवसांची रजा त्यांना मिळते ती नाताळात. मग एक तर ती मंडळी इकडे येतात, नाही तर आई-वडील विमानात बसतात. आम्ही दोघांनीही असे तीन डिसेंबर स्टुटगार्टला मुलीकडे काढले आहेत. नातवंडं, लेकी-सुना, सगळं घर ज्या दिवसांत एका छपराखाली येतं, ते दिवस दिवाळीतून उठून नाताळात गेले. कुणी धर्म बदलला नाही, कुणी ठराव केला नाही. रजेच्या अर्जानं हे केलं.

काही घरांत याचा सल असतो. "आपले सण सोडून दुसऱ्यांचे करता," असं म्हणणारे नातेवाईक असतातच. उलट काहीजण म्हणतात, सण म्हणजे शेवटी मजा, त्यात आपलं-परकं काय? आमच्या मते दोन्ही बाजू घाई करतात. आधी सण म्हणजे काय ते पाहू.

'सण' हा शब्द 'क्षण' या शब्दातून आला आहे. संस्कृतात क्षण म्हणजे काळाचा अंश, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उत्सव. प्राकृतात त्याचा 'छण' झाला आणि मराठीत 'सण'. भाषेनं फार मोठी गोष्ट एका अक्षरात बांधून ठेवली आहे: सण ही वस्तू नाही, विधीही नाही, तो वेळ आहे. वेगळा काढून ठेवलेला वेळ.

हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन तत्त्वज्ञानं १९७४ साली साल्झबुर्गला काही व्याख्यानं दिली, ती १९७७ मध्ये पुस्तकरूपानं आली. कला म्हणजे काय हे सांगण्यासाठी त्यानं तीन गोष्टींचा आधार घेतला: खेळ, प्रतीक आणि उत्सव. उत्सवाबद्दल तो जे म्हणतो त्याचा सारांश असा. रोजचा वेळ ही रिकामी पिशवी असते, ती आपण कामानं भरतो. भरायला काही नसलं की कंटाळा येतो, जास्त असलं की धावपळ होते. सणाचा वेळ तसा नसतो. तो आधीच भरलेला येतो. तो आला की आपल्याला थांबावं लागतं. आणि दुसरं: काम माणसांना वेगवेगळं करतं, सण एकत्र आणतो. एकट्यानं काम करता येतं, सण करता येत नाही.

कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट शिफ्ट. एकाच घरातले दोन भाऊ आठवडाभर एकमेकांना फक्त झोपलेले पाहतात. भोसरी, पिंपरी, चिंचवडमधल्या कितीतरी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, कारण वीज गुरुवारी बंद. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाचा कारखाना गुरुवारी बंद. ख्रिस्ती कामगाराला तर रविवारच्या प्रार्थनेसाठी शिफ्ट बदलून मागावी लागते. वेळ कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न इथं फारच व्यवहारातला आहे.

पण गुरुवार म्हटल्यावर आणखी एक आठवतं. मार्गशीर्षातले गुरुवार! घरोघरी घट मांडला जातो, महालक्ष्मीची कहाणी वाचली जाते. एका गुरुवारी सुरुवात, मग दुसरा, तिसरा, आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सवाष्णींना हळदीकुंकू. साधारण त्याच दिवसांत जर्मन घरांत टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं एक कडं ठेवलेलं असतं आणि त्यात चार मेणबत्त्या. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना 'आडव्हेंट' म्हणतात. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. ही प्रथा फार जुनी नाही. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या योहान हिन्रिष व्हिशेर्न नावाच्या पाद्र्यानं १८३९ साली, मुलं रोज "नाताळ कधी?" विचारतात म्हणून ती सुरू केली. आमच्या घरातल्यांनी हे कडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "म्हणजे यांचेही चार गुरुवारच की!" सणाची वाट पाहण्याला दोन्हीकडे आकार दिलेला आहे. नुसती वाट पाहणं कंटाळवाणं. मोजून वाट पाहिली की तेच व्रत होतं.

आता बाजाराकडे येऊ. बहुतेक पर्यटक जातात ते बाजारासाठीच, आणि यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

आडव्हेंटच्या सुमारास जर्मन गावांच्या मुख्य चौकांत लाकडी खोपट्यांचा बाजार भरतो. ड्रेस्डेनच्या बाजाराचा पहिला उल्लेख १४३४ सालचा आहे. न्यूरेंबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा १६२८ चा, स्टुटगार्टचा उल्लेख १६९२ चा. स्टुटगार्टचं वैशिष्ट्य असं की खोपट्यांची छपरं सजवतात: वर डहाळ्या, बाहुल्या, देवदूत, कुठं मेंढरांसह अख्खा गोठा. खाली उभं राहून माल घ्यायचा आणि मान वर करून छप्पर पाहायचं. जवळच, चालत पाच-सात मिनिटांवर, हेगेल जन्मला ते घर आहे, १७७० साली. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळं आम्ही तिथं गेलो नसतो तर नवल. आणि या हेगेलनंच तरुणपणी, १७९३ च्या सुमारास ट्यूबिंगेनला शिकत असताना, अशी तक्रार लिहून ठेवली आहे की ग्रीक लोक देवाकडे फुलांचे मुकुट घालून, आनंदाचे रंग ल्यायचे आणि जायचे. आपले लोक मात्र पवित्र समारंभालाही सुतकी कपडे घालून जातात. धर्म लोकांच्या आनंदात विणलेला हवा, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या गावचा बाजार त्याच्या डोळ्यांपुढं होता की नाही, कोण जाणे.

बाजारात खायला काय, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. शाकाहारी माणसानं घाबरू नये. बटाट्याच्या किसाचं थालीपीठ असतं, तळलेलं, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. कशात तळलं एवढं विचारून घ्यावं. भाजलेले चेस्टनट असतात, साखरेत घोळवलेले गरम बदाम असतात. दालचिनी-लवंग घालून गरम केलेली वाइन असते, आणि न पिणाऱ्यांसाठी तसाच मसाला घातलेला फळांचा रस. कपासाठी दोन-चार युरो अनामत घेतात. कप परत दिला की पैसे परत, आवडला तर कप तुमचा. कोकणी माणसाप्रमाणे आम्ही दरवेळी कप परत दिला.

आणि लेबकुखन. न्यूरेंबर्गची ही मसालेदार बिस्किटं जगभर जातात. पहिला घास घेतला की तोंडात ओळखीचं काहीतरी येतं: वेलदोडा, लवंग, दालचिनी, सुंठ, जायफळ, धनेसुद्धा. गोडात धने! पण बाकी सगळं आपल्या डब्यातलं. हा मसाला त्या थंड गावात आला कुठून? मलबारच्या किनाऱ्यावरून, सिंहलातून, मोलुक्काच्या बेटांवरून. अरबांच्या आणि व्हेनिसच्या हातांतून आल्प्स ओलांडून. न्यूरेंबर्ग त्या व्यापाराच्या वाटेवरचं गाव. तिथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक चिडवून 'मिरीची पोती' म्हणत. म्हणजे ज्याला आपण त्यांचा अस्सल, शुद्ध, पारंपरिक नाताळ म्हणून चाखायला जातो, त्याचा वास तरी आपल्याच बाजूचा आहे. ड्रेस्डेनच्या श्टोलनची तऱ्हा आणखी मजेची. आडव्हेंटचा काळ उपासाचा, त्यात लोणी चालत नसे. तेलातला तो पाव अगदीच बेचव होई. सॅक्सनीच्या राजघराण्यानं पोपकडे विनंत्या केल्या आणि १४९१ साली पोप आठव्या इनोसंटनं लोणी वापरायची परवानगी दिली. उपासाला काय चालतं, हा प्रश्न आपल्याकडे निदान आजीपाशी मिटतो. तिकडे तो रोमपर्यंत गेला.

हा सगळा बाजार म्हणजे सणाचं बिघडलेलं रूप, असं म्हणणारे विचारवंत आहेत. योझेफ पीपर या जर्मन तत्त्वज्ञानं १९६३ मध्ये सणाच्या सिद्धान्तावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की सण म्हणजे जगाला दिलेला होकार. असणं चांगलं आहे असं मनापासून म्हणता येणं. तो होकार नसेल तर उरतो तो देखावा आणि व्यापार. पीपरचा पहिला भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या भागाशी मात्र भाषाच भांडते. जर्मनमध्ये 'मेस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: चर्चमधली उपासना, आणि व्यापारी जत्रा. उपासनेच्या दिवशी लोक जमायचे, म्हणून तिथंच बाजार भरायचा, म्हणून बाजारालाही तेच नाव. लाइपझिगच्या मेसला १४९७ मध्ये सम्राटाची सनद मिळाली. आणि आपले भोसरी-चाकणचे उद्योजक दरवर्षी ज्या हॅनोव्हर मेसला जातात, २०१५ साली भारत जिथं भागीदार देश होता, ती हीच मेस. यंत्रं पाहायला जाणाऱ्याला माहीत नसतं, की तो शब्दशः उपासनेला चालला आहे. इंग्रजीतला 'फेअर' हा शब्दही लॅटिनमधल्या पवित्र दिवसाच्या शब्दातून आला. आणि आपली 'जत्रा' म्हणजे 'यात्रा'च. आळंदीला कार्तिकी यात्रा भरते, नोव्हेंबर-डिसेंबरात, ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या तिथीला. चिंचवडला मार्गशीर्ष वद्य षष्ठीला मोरया गोसावींचा समाधी उत्सव होतो, बहुधा डिसेंबरातच. तिथं टाळ, तुळशीच्या माळा, बुक्का, खेळणी, रेवड्या, पाळणे नसतील तर यात्रा भरली असं कुणी म्हणेल का?

म्हणून आमचं म्हणणं असं: बाजार हा सणाला लागलेला डाग नसून बाजार हा सणाचा ओटा आहे. घराच्या आत कोण येणार हे घर ठरवतं, पण ओट्यावर कुणीही टेकावं. ज्याला ती प्रार्थना येत नाही, ती भाषा येत नाही, ज्याची श्रद्धा वेगळी किंवा मुळीच नाही, त्यालाही बाजारात जागा आहे, कारण तिथं प्रवेशाची अट फक्त दोन युरो. ज्यांना हा ओटा नको होता, त्यांनी काय केलं तेही इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये प्युरिटन पार्लमेंटनं १६४७ साली नाताळच रद्द केला. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बायबलात नाही आणि लोक खातात-पितात, ही तक्रार. सण इतका शुद्ध केला की उरलाच नाही.

ओटा आहे म्हटल्यावर ओट्यावरून भांडणंही होणार. न्यूरेंबर्गचा बाजार 'क्रिस्टकिंड' होणारी मुलगी उघडते; सोनेरी-पांढऱ्या पोशाखात ती चर्चच्या सज्जातून सर्वांना या, या म्हणते. दर दोन वर्षांनी एका तरुण मुलीची निवड होते. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी ही मुलगी निवडली गेली. तिचे वडील भारतीय. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेनं तिच्या दिसण्यावरून हिणकस टिप्पणी केली. गाव तिच्या बाजूनं उभं राहिलं, पक्षाला माफी मागावी लागली. ज्यांना ही 'शुद्ध परंपरा' वाटते, त्यांना हे सांगायला हवं की हा बाजार न्यूरेंबर्गच्या मुख्य चौकात थाटामाटानं परत आणला तो १९३३ साली नाझी नगरप्रशासनानं, स्वतःच्या प्रचारासाठी. परंपरेत असे हात अनेकांचे असतात. आणि आता बाजारांच्या तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे असतात. बर्लिनला १९ डिसेंबर २०१६ रोजी आणि माग्देबुर्गला २० डिसेंबर २०२४ रोजी गर्दीत गाडी घालून माणसं मारली गेली. त्या ठोकळ्यांमधून वाट काढत आत जाताना प्रत्येकाला क्षणभर ते आठवतं, आणि तरी लोक जातात.

एवढा वेळ आपण ओट्यावर होतो. आता आत डोकावू, कारण खरी अडचण तिथं आहे.

स्टुटगार्टचा बाजार २३ डिसेंबरला संपतो. पर्यटकाला वाटतं, नाताळ २५ ला. त्याआधीच बाजार उठला कसा? कारण बाजार हा वाट पाहण्याचा भाग होता. २४ च्या दुपारी दोनला दुकानं बंद होतात, कायद्यानंच. पंचवीस आणि सव्वीस दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. २४ ची संध्याकाळ ही त्यांची खरी वेळ, आणि ती घरात असते. मुलीनं आधीच सांगितलं होतं, दूध-भाजी बावीसलाच आणून ठेवली होती. त्या दिवशी पाचच्या सुमारास आम्ही दोघं मुद्दाम बाहेर पडलो. साडेचारलाच अंधार झालेला. आदल्या दिवशी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती, त्या चौकात कामगारांनी अर्धी सोडवलेली खोपटी, आणि माणूस नाही. ट्राम रिकामी. वर खिडक्याखिडक्यांत दिवे, आतून हालचाल, ताटांचे आवाज. सगळं शहर आपापल्या घरात गेलं होतं. आम्ही पाहायला आलो होतो आणि पाहायला काही नव्हतं.

गाडामर वाचून जे कळलं नसतं ते त्या चौकात कळतं. सण आहे, अगदी ऐन भरात आहे, आणि तुम्ही त्याच्या बाहेर आहात. कुणी अपमान केलेला नाही, कुणी दार लावून घेतलेलं नाही. फक्त तो वेळ त्यांचा आहे. आपल्या चिंचवडच्या घरांत दिवाळीला दोघंच म्हातारे पणती लावून बसतात, तेव्हा शेजारच्या घरातल्या फटाक्यांचे आवाज ऐकताना जे होतं, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे. सण आहे, पण ज्यांच्याबरोबर तो करायचा ते इथं नाहीत.

मग आम्ही चर्चमध्ये गेलो. शिलरच्या पुतळ्याच्या चौकात श्टिफ्ट्सकिर्ख नावाचं जुनं चर्च आहे. शेवटच्या बाकावर बसलो. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण. ते उभे राहिले की आम्ही उभे राहिलो, ते बसले की बसलो. ते गात होते, आम्ही गात नव्हतो.

या बसण्याला काय म्हणायचं? आपल्याकडे 'तटस्थ' हा सुंदर शब्द आहे: तटावर उभा असलेला, पाण्यात न उतरलेला. रसविचारात भट्टनायक आणि अभिनवगुप्त सांगतात, की नाटक पाहताना प्रेक्षक नुसता तटस्थ असेल तर रस निर्माण होत नाही; आणि रंगमंचावरचं दुःख माझंच असं धरून बसला तरी होत नाही. तिसरी अवस्था हवी, जिथं भाव ना परका ना खाजगी. त्याला 'साधारणीकरण' म्हणतात. मागच्या बाकावर बसून हे आठवणं साहजिक होतं. पण इथं एक सावधगिरी हवी. नाटक प्रेक्षकासाठी चाललेलं असतं. त्या चर्चमधले लोक आमच्यासाठी गात नव्हते. दुसऱ्याच्या सणाला नाटक समजणं, हा पर्यटकाचा नेहमीचा घोटाळा. वारीत तुळस घेतलेल्या बाईच्या तोंडापुढं कॅमेरा धरणारे आपल्याकडेही असतात, आणि ते सगळे परदेशी नसतात.

इरावती कर्वे यांनी १९३० साली बर्लिनहून डॉक्टरेट घेतली होती. त्याच बाई पुढं पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो 'परिपूर्ती'त आहे, जरूर वाचा. त्या अभ्यासक म्हणून चालत होत्या आणि वारकऱ्यांबरोबर चालतही होत्या. त्या आनंदात एक गोष्ट त्यांना सतत खुपत राहिली: एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालत, पण जेवायला वेगळे बसत. म्हणजे सणाच्या आत गेलं की सगळे एक, असंही नाही. आतही ओटे असतात, माजघरं असतात. तेव्हा 'आपला सण' आणि 'परका सण' अशी एकच भिंत कल्पून चालत नाही. आत जाण्याच्या पायऱ्या असतात, आणि एकेका पायरीवर नेणारं कुणीतरी लागतं. आम्हाला त्या शहरात पुढची पायरी मिळाली ती पंचवीसला दुपारी, मुलीच्या शेजाऱ्यांनी कॉफीला बोलावलं तेव्हा. तिकिट काढून ती मिळत नाही.

आणि हे सगळं ऐकून कुणी विमानाचं तिकिट काढण्याआधी एक पत्ता देऊन ठेवतो. 'नाताळ' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्यानं मराठीत, ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. तारखा शेजारी ठेवून पाहा. न्यूरेंबर्गच्या बाजाराचा पहिला पुरावा १६२८. येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत त्याच्या बारा वर्षं आधी छापलेली आहे. वसईत, अहिल्यानगरला, कोल्हापुरात मराठी बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या नाताळ करत आले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर नगरकडचे, केरळातले, गोव्यातले, तमिळनाडूतले कामगार आले. त्यांचा नाताळ इथंच असतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत त्याच दोऱ्यांवर चांदण्या चढतात. आमच्या मजल्यावरच्या घरातून पंचवीसला ताट येतं: केक, कलकल आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे करंजीच! आपण दिवाळीला त्यांना करंजी देतो, ते नाताळला आपल्याला करंजी देतात. या घरातली धाकटी पिढी चाकणला कामाला आहे. गुरुवारची सुट्टी, त्यामुळं नाताळ गुरुवारी आला तर दिवाळीच.

हातात एक चिठ्ठी आली आहे. "यंदा डिसेंबरात पहिल्यांदाच मुलाकडे जर्मनीला निघालो आहोत. काय न्यावं, काय पाळावं?" चांगला प्रश्न आहे, याच्यावर थांबू. बाजार तेवीसच्या आत पाहून घ्या. तारखा गावोगावी वेगळ्या, आधी विचारा. २४ दुपारपासून सत्तावीसपर्यंतचं वाणसामान घरात हवं. चोवीसला संध्याकाळी कुणाच्या दाराची बेल वाजवू नका. शेजाऱ्यांनी बोलावलंच तर ते पंचवीस किंवा सव्वीसला बोलावतील. दिलेल्या वेळेला जा, दहा मिनिटं आधीही नको. चिवडा न्या, कमी तिखटाचा. आणि दिवाळीत घरातला जो घडीचा आकाशकंदील उतरवून ठेवला असेल तो बॅगेत टाका, वजन लागत नाही. तिकडं साडेचारला अंधार पडतो.